मुलांची चित्रं: रद्दीत नको, माळ्यावर नको!

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई म्हटली की आपल्या अंगात कसं वारं शिरतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी अशीच मी पदर खोचून माळ्यावर चढले. लेकीच्या बालवाडीपासूनच्या चित्रांचा हा एवढा गठ्ठा! खालच्या कागदांना कसर लागलेली, पावसाळ्यातल्या दमटपणानं डाग पडलेले. ‘ठेवून तरी काय करायचंय?’ असं म्हणत सगळा गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला.

संध्याकाळी लेक शाळेतून आली आणि विचारू लागली, “आई, माझं आजोबांचं चित्र कुठंय?” आजोबा त्याच वर्षी आम्हाला सोडून गेले होते. आरामखुर्चीत बसलेले, चष्मा कपाळावर चढवलेला, असं ते चित्र तिनं त्यांच्यासमोर बसून काढलं होतं. मी तशीच रद्दीवाल्याकडे धावले, पण माल केव्हाच पुढे गेला होता. पोर रडलीसुद्धा नाही. नुसतं “असू दे” म्हणाली. ते ‘असू दे’ मला अजून टोचतं.

आता तुम्ही म्हणाल, दोन खोल्यांच्या जागेत सगळे कागद ठेवायचे तरी कुठे? खरंच आहे. म्हणूनच आज आपल्या हातातल्या मोबाइलचा उपयोग सांगते. मुलांच्या चित्रांसाठी खास ॲप्सही मिळतात. पण बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘गुगल फोटोज’ असतंच, तेवढ्यावर छान भागतं.

फोटो असा काढा

सकाळी खिडकीजवळ जमिनीवर पांढरी चादर पसरा आणि तिच्यावर चित्र ठेवा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर मेणाच्या खडूवर चकाकी येते. फोन चित्राच्या बरोबर वर, आडवा धरा. तिरका धरलात की चौकोनाचा पतंग होतो. आपली सावली पडत नाही ना, तेही पाहा. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर त्याचाही एक फोटो घ्या.

मांडणी अशी करा

डब्यांना जशी आपण नावं लावतो, तसंच हे. प्रत्येक मुलाचा वेगळा अल्बम करा: ‘चिनूची चित्रं, बालवाडी’, ‘चिनूची चित्रं, पहिली’. फोटोखाली चार शब्द लिहायची सोय असते, तिथे मुलाचं वय आणि मूल चित्राबद्दल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘हा हत्ती नाही, पावसात भिजलेली आजी आहे’ हे वाक्य दहा वर्षांनी चित्राइतकंच मोलाचं वाटेल! जुन्या चित्रांचे फोटो आज काढलेत, तर त्यांची तारीख बदलून चित्र काढलं त्या वर्षाची टाका, म्हणजे ती आपोआप क्रमानं लागतील.

क्रम का महत्त्वाचा? दीड-दोन वर्षांचं पोर नुसत्या रेघोट्या ओढतं. तीन-चारच्या सुमारास एका गोळ्यालाच हातपाय फुटतात, धडाचा पत्ताच नसतो! पाच-सहाच्या पुढे कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आभाळाची निळी पट्टी येते. कधी घराच्या भिंतीतून आतली माणसंही दिसतात. ही चित्रं ओळीनं पाहिली की मूल कसं वाढलं ते डोळ्यांपुढे उभं राहतं. म्हणून फक्त बक्षीस मिळालेली ‘छान’ चित्रं ठेवू नका. पहिला गोळा, पहिली रेघोटीही ठेवा.

इथे सांभाळा

गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती ईमेल आणि इतर फायलींसकट. १ जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात. एक फोटो चार एमबीचा धरला तरी साडेतीन हजारांवर चित्रं मावतील. तेव्हा ‘सुप्रभात’चे जुने फोटो आधी काढून टाका!

‘बॅकअप’ चालू आहे ना, ते नक्की पाहा. तो बंद असेल आणि फोन पाण्यात पडला, तर सगळंच गेलं. शिवाय बॅकअप घेतलेला फोटो ॲपमधून पुसला, तर तो फोनमधून जातो तसा खात्यातूनही जातो. चुकून पुसलात तर ६० दिवस तो कचरापेटीत असतो, तेवढ्यात परत आणा. दोन वर्षं खातं वापरलंच नाही, तर ते पुसलं जाऊ शकतं. म्हणून वर्षातून एकदा, समजा मुलाच्या वाढदिवसाला, सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

गावच्या आजीला अल्बम जरूर दाखवा, पण लिंक ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो, हे विसरू नका. चित्रावर मुलाचं पूर्ण नाव, शाळा, पत्ता असेल, तर तेवढा भाग झाकून मगच पाठवा.

थोडे कागद मात्र ठेवाच

फोटोत कागदाचा स्पर्श येत नाही. वर्षाला पाच-सहा चित्रं निवडून फाइलमध्ये ठेवा, मध्ये बटरपेपर घाला म्हणजे खडूचा रंग दुसऱ्या कागदाला लागणार नाही. सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि डाग सोडते. फाइल माळ्यावर नको, कोरड्या कपाटात ठेवा.

आणि बायांनो, सर्वांत महत्त्वाचं: निवड मुलाला करू द्या. आपल्याला जो कागदाचा कपटा वाटतो, त्यात त्याचं काय गुंतलेलं असेल, ते आपल्याला कसं कळावं? आमच्या घरी आता मे महिन्यात, पावसाळ्याआधी, हा कार्यक्रम होतो. लेक एकेक चित्र हाती देते, मी फोटो काढते, ‘ठेवायचं’ की ‘जाऊ दे’ ते ती ठरवते. यंदा तिनं आठवणीनं आजोबांचं चित्र पुन्हा काढलं. खुर्ची बदलली, पण चष्मा कपाळावरच आहे. त्याचा फोटो काढला, आणि कागदही ठेवला.