सुरक्षितता कागदावर, कामगार काळोखात

कारखान्याच्या जिन्यावर संकटकालीन दिवा बसविला की आपले कर्तव्य संपले, अशी मालकवर्गाची सोयीस्कर समजूत आहे. वस्तुतः हा दिवा बॅटरीवर चालतो आणि बॅटरी न वापरताही क्षीण होते. दिव्यावरचा हिरवा ठिपका फार तर वीज येत असल्याचे सांगतो. वीज गेल्यावर दिवा किती वेळ टिकेल, हे सांगत नाही. ते जाणण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पुरवठा तोडून पाहणे. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संहितेत अशी चाचणी दरमहा ३० सेकंद आणि वर्षातून एकदा सलग ९० मिनिटे सांगितली आहे. पूर्ण चाचणीने बॅटरी रिती होते. ती पुन्हा भरेपर्यंत पाळी न चालविणेच शहाणपणाचे. नफ्याच्या हिशेबात नेमके हेच बसत नाही. म्हणून चाचणी जिन्यावर न होता वहीत होते.

कागदी तपासणीची किंमत कराचीत दिसली. तेथील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यास ऑगस्ट २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. ११ सप्टेंबरच्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. आग लावली गेली होती, असे न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले. परंतु बंद दारांचा आणि गजबंद खिडक्यांचा जाब त्याने चुकत नाही.

दिवा विझल्यास ज्याचा जीव जाणार, त्याच्यासमक्षच चाचणी झाली पाहिजे. नोंदवहीवर कामगार प्रतिनिधीची सही हवी आणि चाचणीच्या वेळेचे पूर्ण वेतन हवे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.