रुग्णाच्या ताटातली भाकरी

माझ्या मेव्हण्यांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे. त्यांच्यावर इम्युनोथेरपीचे उपचार चालू आहेत. परवा भेटायला गेलो, तर उशाशी 'चांगल्या जिवाणूं'च्या कॅप्सूलच्या चार बाटल्या. एक पुतण्याने आणलेली, एक शेजाऱ्यांनी. ताटात मात्र गुरगुट्या भात आणि साखर घातलेले दूध. "भाकरी बंद केली?" असे विचारले, तर ताई म्हणाली, "पचायला जड ना! सगळेच सांगतात." डॉक्टरांना कोणी विचारलेच नव्हते. आणि हे 'सगळे' म्हणजे कोण? आपणच.

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू वस्ती करून असतात. त्यांचा कर्करोगाच्या औषधाशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण इम्युनोथेरपीची ही औषधे कर्कपेशींना थेट मारत नाहीत. शरीराच्या संरक्षक पेशींवरचा लगाम ती सैल करतात. या शोधाबद्दल जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या संरक्षक पेशी किती तत्पर राहतात, यात आतड्यातील जिवाणूंचा वाटा असतो, हे पॅरिस व शिकागो येथील संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले.

मग या जिवाणूंना खाऊ काय घालायचे? २०२१ च्या डिसेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी इम्युनोथेरपी घेणाऱ्या १२८ रुग्णांचा आहार त्यांनी तपासला. दिवसाला २० ग्रॅम किंवा अधिक तंतुमय पदार्थ खाणाऱ्यांमध्ये रोग अधिक काळ आटोक्यात राहिला. दर पाच ग्रॅम वाढीमागे रोग बळावण्याचा वा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. दुकानातल्या जिवाणूंच्या कॅप्सूलचा मात्र फायदा दिसला नाही. उंदरांमध्ये तर त्यांनी उपचाराचा गुण घटवला.

हे तंतू मिळवायला परदेशी डबा लागत नाही. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते सुमारे १० ग्रॅम असतात, बाजरीत थोडे अधिकच. त्यात मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू यांची भर पडतेच.

पण येथे सावधपणाही हवा. हा अभ्यास मेलॅनोमाचा. तो जसाच्या तसा फुफ्फुसाच्या रोगाला लावता येणार नाही. शिवाय तंतू खाणाऱ्यांचे राहणीमानही वेगळे असू शकते. भाकरी हे औषध नव्हे आणि औषधाला पर्याय तर नव्हेच. जुलाब होत असतील, आतड्याला अडथळा असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर तंतू कमी करण्याचाच सल्ला दिला जातो. म्हणून भाकरी सुरू करणे असो वा बंद करणे, निर्णय डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनाच विचारून व्हावा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या परस्पर देणेही टाळावे. त्यांनी हे जिवाणूही मरतात.

त्या दिवशी मी ताईला एवढेच म्हटले, पुढच्या खेपेला या चारही बाटल्या पिशवीत घालून दवाखान्यात ने आणि रोजचे जेवण कागदावर लिहून दाखव. आजाऱ्याला भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपली रीत. ती चांगलीच आहे. फक्त नेण्याआधी एकदा विचारावे, की त्यांना काय चालते?