व्हिसाचा नकार आणि न्यायालयाचे दार

एका अमेरिकी नागरिक महिलेच्या एल साल्वादोरवासी पतीला २०१५ मध्ये व्हिसा नाकारताना अमेरिकी वकिलातीने केवळ कायद्याचे कलम दाखविले. गुन्हेगारी टोळीशी संबंध असल्याचा संशय हे खरे कारण खटला भरल्यानंतर, २०१८ मध्ये उघड झाले. तथापि २१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. विदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळवून देण्याचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही. म्हणून अशा नकाराची न्यायालयीन फेरतपासणी नाही, असे बहुमताने ठरविले.

सीमांचे नियमन हा राष्ट्राचा अधिकार ख्रिस्तसभेला मान्य आहे. मात्र व्हॅटिकनची १९८३ ची कुटुंबहक्कांची सनद स्थलांतरित कामगारांची कुटुंबे लवकरात लवकर एकत्र यावीत, असे सांगते. देवाने जोडलेल्यांना शिक्क्याने दूर ठेवणाऱ्याला कारण विचारणारेच कोणी नसेल, तर त्याची चूक सुधारणार कोण?