अलिबागची अखंड साधना
मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार असे दिसताच कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी पुढचे संकट ओळखले. त्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी नासणार होत्या. १९०४ साली अलिबागला लोहविरहित वास्तू उभी राहिली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, मगच कुलाब्याचे काम थांबले. १८४६ पासूनचा धागा तुटला नाही.

हा अट्टहास कशासाठी? सूर्याच्या प्रभावाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सतत हेलकावते. त्यामुळे भूगर्भात विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्या चुंबकीय पडसादांवरून खालचे खडक किती वीजवाहक, म्हणजे किती तप्त वा जलयुक्त, याचा अदमास बांधता येतो. हेलकावा जितका संथ, तितका तो खोल उतरतो. शेकडो किलोमीटर खाली डोकवायचे तर महिनोन् महिने चालणारे फेरबदल टिपावे लागतात, तेही खंड न पडता. हे एका पिढीचे काम नव्हे!

१८५९ च्या सौर वादळाची कुलाब्यातील नोंद २००३ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या सहभागाने नव्याने अभ्यासली गेली. तीत सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट होती. जगाने तेव्हा तिचे मोल जाणले. आपल्या मुलांना मात्र परदेशी संशोधकांची नावे पाठ असतात, मूस यांचे क्वचितच. अलिबागच्या परिसरात उद्योग वा विजेची रेल्वे आखताना या वेधशाळेची चुंबकीय शांतता हा पहिला निकष असला पाहिजे. गोऱ्या सरकारच्या काळात एका भारतीयाने तो पाळून दाखवला होता.