हिरवें बटन आणि तांबडें बटन

दिव्याचें बटन दाबलें कीं "टक्" असा आवाज कां होतो, असा प्रश्न आमच्या घरांतील एका चौकस बालकानें परवां पंगतींत विचारला. वडीलधाऱ्यांपैकीं कोणासहि नीट उत्तर देतां आलें नाहीं, आणि त्यांत आम्हींहि होतों, हें कबूल केलें पाहिजे.

वीज चालू करणें सोपें, तोडणें कठीण. बटनाच्या आंतील धातूचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर होऊं लागले म्हणजे प्रवाह मधल्या हवेंतूनहि वाहूं पाहतो आणि तेथें ठिणगीची कमान उभी राहते. तिच्या तापानें धातु वितळतो. हात जितका संथ, तितकी ठिणगी दीर्घायुषी! इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स यानें १८८४ सालीं यावर उपाय काढला. बोट कितीहि हळू चालो, त्याच्या बटनांतील धातूचे तुकडे झटक्यासरशीं दूर होत. आपल्या घरांत ऐकूं येणारा "टक्" हा त्याच युक्तीचा वारसा होय.

कारखान्यांत मात्र एवढ्यानें भागत नाहीं. तेथें मोटरीपाशीं स्टार्टर नांवाची पेटी असते व तिच्यावर दोन बटनें, एक हिरवें व एक तांबडें. हिरवें दाबतांच आंतील तारेच्या वेटोळ्यांतून वीज वाहते, त्याचें लोहचुंबक बनतें, तें धातूची पट्टी ओढून घेतें आणि मोटर फिरूं लागते. बोट उचललें तरी वेटोळ्यास वीज मिळत राहील अशी वाट पट्टीच करून देते. वीज गेली कीं चुंबकत्व नाहींसें होतें व स्प्रिंग पट्टीस मागें लोटते. यानंतर वीज परत आली तरी कोणी हिरवें बटन दाबल्याविना यंत्र हालत नाहीं. या शेवटच्या वाक्यांत किती जणांचे हात सुरक्षित आहेत, याची कल्पना आम्हांस एका दुर्दैवी प्रसंगानें आली.

मागील दिवाळीच्या सुमारास आमच्या पेठेंतील एका गिरणींत चकलीच्या भाजणीचें दळण चालू असतां वीज गेली. तेवढ्यांत घसरूं लागलेला पट्टा सरळ करावा म्हणून गडी वाकला. दोन मिनिटांत वीज आली, आणि कोणींहि कांहीं न दाबतां गिरणी फिरूं लागली. बिचाऱ्याचीं दोन बोटें चेंगरलीं. पुढें समजलें कीं, स्टार्टरचें वेटोळें जळालेलें होतें, व खर्च आणि वरचेवर बटन दाबण्याचा त्रास वांचावा म्हणून आंतील पट्टीस लाकडी पाचर मारून ठेवली होती.

तांबड्या बटनाची रचनाहि अशीच विचारपूर्वक केलेली असते. हिरवें बटन दाबल्यानें वाट जुळते. तांबड्याची वाट एरव्हीं जुळलेलीच असते, दाबल्यानें तुटते. त्यामुळें त्याची तार उंदरानें कुरतडली तरी यंत्र थांबतें. उलट रचना असती, तर तार तुटल्याचें ऐन संकटाच्या वेळींच कळलें असतें.

ज्यांच्या घरीं शेती आहे, त्यांना पंपाचा ऑटोस्विच ठाऊक असेल. रात्रीं वीज आली कीं पंप आपोआप चालू होतो. थंडींत विहिरीवर जाण्याचा त्रास वांचतो, हें खरें, आणि रात्रीं साप-विंचवांचें भय आहे, हेंहि खरें; त्यामुळें शेतकऱ्यास दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. पण मोटर सुरू होतांना नेहमींच्या पांच ते आठ पट प्रवाह ओढते. वीज येतांच शिवारांतील सारे पंप एकाच क्षणीं सुरू झाले, तर रोहित्र जळतें आणि सर्वांचेंच पाणी बंद! महावितरण ऑटोस्विच काढण्याची विनंती वारंवार करीत आलें आहे, तें यासाठीं.

गिरणीवाल्यानें आतां नवा स्टार्टर बसविला आहे. वीज येऊन गेली कीं तो स्वतः उठून पट्टा पाहतो, गड्यास हांक मारतो, मग हिरवें बटन दाबतो. डबे घेऊन ताटकळणारी मंडळी थोडी कुरकुर करतात.