बांगड्यांचा आहेर

नळाला पाणी आलं नाही, रस्त्याचं काम रखडलं, पीकविम्याचे पैसे जमा झाले नाहीत, की आपल्याकडे एक आंदोलन ठरलेलं असतं. मोर्चा कचेरीवर जातो, घोषणा होतात आणि साहेबांच्या टेबलावर हिरव्या काचेच्या बांगड्या ठेवल्या जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर'. पक्ष कुठलाही असो, बांगड्या त्याच. बहुतेक वेळा त्या घेऊन येतात बायकाच. बायकांनी दिल्या की जास्त झोंबतं, असा हिशोब असतो.

असं एक आंदोलन मी तालुक्याच्या कचेरीत जवळून पाहिलं. दोऱ्यात ओवलेल्या बांगड्या फायलींवर ठेवल्या गेल्या. साहेब मान खाली घालून बसले. शेजारच्या टेबलावरच्या लिपिक बाई निवेदनाची पोच देत होत्या. त्यांच्याही हातात तशाच हिरव्या बांगड्या होत्या. आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला, सही केली आणि प्रत मोर्चातल्या बाईच्या हाती दिली. त्या घटकेला त्या खोलीत काम करत होते ते एवढेच हात. आणि घोषणा चालली होती ती अशी, की काम जमत नसेल तर बांगड्या भरा.

साहेबांच्या जागी बाई असत्या तर? आज तहसीलदार, गटविकास अधिकारी, पोलीस निरीक्षक अशा कितीतरी खुर्च्यांवर बायका आहेत. त्यांना बांगड्यांचा आहेर कोणी करत नाही, कारण त्यात अपमान उरतच नाही. मग त्यांना टोचायला वेगळा शब्द शोधावा लागतो, आणि त्याचा कामाशी काही संबंध नसतो. बाई कुणाच्या गाडीतून उतरल्या, बदली कशी थांबवली, नवऱ्यापाशी का राहत नाहीत, इथून सुरुवात होते. पुरुष कमी पडला तर तो 'बायल्या'. बाई डोईजड झाली तर ती 'तसली'. त्याला खाली खेचायला बाई लागते आणि तिला खाली खेचायलाही बाईच लागते.

हे गावातल्या भांडणापुरतं नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी शिवसेनेला टोमणा मारताना बांगड्यांचा उल्लेख केला, तेव्हा आदित्य ठाकरे यांनी बांगड्या घालणाऱ्या बायका सगळ्यांत कणखर असतात असं सांगून माफीची मागणी केली होती. दोन दिवस चर्चा झाली. पुढच्या मोर्चात बांगड्या होत्याच.

ज्यांना आपण शिव्या मानतच नाही, ते शब्द पाहा. 'तो फार चालू आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, हुशार आहे, व्यवहारात फसणार नाही. 'ती चालू आहे' म्हटलं की त्याच शब्दाने तिचं लग्न मोडू शकतं. पुरुष 'धंदा करतो' म्हणजे दुकान आहे, चार पैसे मिळवतो. बाईला तेच सांगायचं तर 'व्यवसाय' किंवा 'बिझनेस' म्हणावं लागतं, नाहीतर समोरचा गालात हसतो. पुरुष रंगेल असतो आणि हे सांगताना आवाजात थोडं कौतुकही असतं. टाकलेली बाई असते, टाकलेला पुरुष आपल्या बोलण्यात नाही. मूल झालं नाही तर डॉक्टरांचे रिपोर्ट काहीही सांगोत, वांझोटी तीच. घरातला मुलगा 'च्यायला' म्हणाला तर कोणी मान वळवून पाहत नाही. मुलगी म्हणाली तर आईचं वळण निघतं. त्या शिवीतही आईच आहे, आणि वळण निघतं तेही आईचंच.

कोल्हापूरकडे जिवलग मित्र भेटला की 'काय रांडंच्या, कधी आलास?' असं विचारतात. पाठीवर थाप पडते, चहाची ऑर्डर जाते. बाहेरच्या माणसाला धक्का बसतो आणि कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात, ही आमची माया आहे. माया खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण हाच शब्द, शेवटचं अक्षर काढून, बाईला उद्देशून म्हणून पाहा. तिथे थाप नाही, चहा नाही, सरळ पोलीस ठाणे. दोघा मित्रांना हसायला मिळावं म्हणून त्या शब्दातली बाई, म्हणजे त्या मित्राची आई, मधल्या मध्ये तुडवली जाते आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

ती बाई मुळात कोण? रांड म्हणजे विधवा. एवढाच त्याचा जुना अर्थ. नवरा मेला हा तिचा गुन्हा. ज्या बाईवर नवऱ्याचा पहारा नाही ती कशी वागेल सांगता येत नाही, या संशयातून त्या शब्दाला बाजाराचा अर्थ चिकटला. बायको मेलेल्या पुरुषासाठी विधुर हा शब्द आहे. तो सरकारी अर्जात लिहितात. त्याची शिवी झाली नाही, कारण बायको गेल्यावर पुरुषावर कोणी संशय घेत नाही. त्याला वर्षाच्या आत स्थळं सुचवतात.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं ते अशाच संशयाने संतापून. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेने बदनामीच्या भीतीने नवजात मूल मारलं, तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण घेतला आणि तो पुरुषांत किती आहे ते दाखवलं. लोक त्यांच्यावर तुटून पडले तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. एवढं जुनं हे भांडण आहे, आणि शब्द अजून तेच आहेत.

बायकाही हेच शब्द वापरतात, हे खरं. साताऱ्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हा 'बोरीचा बार' पाहायला लांबून माणसं येतात. मला त्यात गंमत वाटत नाही. वर्षातून एकदा तोंड मोकळं करायला मिळावं आणि तेही दुसऱ्या बाईवरच, याचं वाईट वाटतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यातलं हे गाव. ठरावाची बातमी गाजली, काहींनी थट्टा केली. मला हा ठराव मोलाचा वाटतो, कारण शिवीने अपमान कुणाचा होतो हे त्या गावाने चारचौघांत मान्य केलं. पण दंडाच्या पावतीवर 'बांगड्या भर' कधी येणार नाही. 'पांढऱ्या पायाची' येणार नाही. पहिला मोर्चात घोषणा म्हणून खपतो, दुसरा ओरडून म्हटला जात नाही, स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हटला जातो आणि बाई तो वर्षानुवर्षं ऐकत राहते.

म्हणून सौंदाळ्याचा दुसरा निर्णय मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, हेही त्या गावाने ठरवलं आहे. त्याआधी मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्याच गावाने, असा ठराव केला होता आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. बांगडी नवरा असलेल्या बाईच्या हातात मान, नवरा गेलेल्या बाईच्या हातून फोडायची वस्तू आणि पुरुषाच्या हातात अपमान, हे जोवर चालू आहे तोवर शिवीचा दंड कितीही वाढवला तरी शिवी नवा शब्द शोधेल. विधवेला कमी लेखणं थांबलं तर त्या शिवीतला दम जाईल.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा आपल्याला पाठ आहेत. यातली जी आधी येईल तिच्या विषयपत्रिकेवर हे दोन्ही ठराव एकत्र घ्या. ठरावाची सूचक म्हणून गावातल्या एखाद्या विधवा बाईंचं नाव लिहा, त्यांना पुढे बसवा, आणि अनुमोदन पुरुषांनी द्या.