कल्ले उघडून पाहिल्याशिवाय

मासळीच्या बाबतीत गोव्यातला माणूस कुणाचे ऐकत नाही. म्हापशाचा बाजार असो की मडगावचा, इसवणाचे कल्ले उघडून लाल आहेत का ते पाहणार, बोटाने दाबून पाहणार, आणि मगच पिशवी पुढे करणार. हजारभर रुपयांच्या मासळीला एवढी पारख! आणि पस्तीस-चाळीस हजारांचा कॉम्प्युटर मात्र तोच माणूस दुकानदाराच्या तोंडचे एक नाव ऐकून घरी घेऊन येतो. मला ह्याचे नवल वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही येतो.

राग अशासाठी की ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते ज्यांना हा खर्च पाच-सात वर्षांतून एकदाच झेपतो त्यांचे.

२०२५ च्या चवथीआधीची गोष्ट. आमच्या शेजारच्या वहिनी शिवणकाम करतात. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून कॉम्प्युटर घ्यायचा होता. दुकानातून आणलेला कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. 'आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ६०० वॅट, लाइटवाला कॅबिनेट', मॉनिटरसकट बत्तीस हजार. वहिनींनी विचारले, "भाऊ, आय सेव्हन म्हणजे सगळ्यांत वरचा ना?"

मी दुकानात फोन लावला आणि कितव्या पिढीचा म्हणून विचारले. उत्तर आले, "आय सेव्हन आसा म्हण सांगलें न्ही, आनीक किदें जाय?"

आणखी काय पाहिजे ते सांगतो. 'आय सेव्हन' हे आडनाव झाले, माणूस कोण ते पुढच्या आकड्यावरून कळते. बरेच विचारल्यावर तो आकडा निघाला ३७७०. हा प्रोसेसर इंटेलने २०१२ साली बाजारात आणला. चार कोअर, आठ थ्रेड. आता २०२२ साली आलेला साधा आय थ्री १२१०० घ्या. त्यालाही चार कोअर आणि आठ थ्रेडच, पण कामात तो ह्या जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. दहा वर्षांत एकेका कोअरची ताकदच वाढली. जुने प्रोसेसर कार्यालयांतून निघतात, नव्या कोऱ्या स्वस्त मदरबोर्डवर बसतात, आणि चकचकीत खोक्यातून 'आय सेव्हन' म्हणून विकले जातात. विकणारा खोटे बोलत नाही, अर्धेच बोलतो!

त्यात विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरना अधिकृतपणे चालते. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होती आणि ठरल्याप्रमाणे ती संपलीही. म्हणजे वहिनींचे बत्तीस हजार ज्या यंत्रावर जाणार होते, ते मुलाच्या पहिल्या सेमिस्टरमध्येच म्हातारे ठरले असते. आणि ते '४ जीबी ग्राफिक कार्ड' निघाले जीटी ७३०, म्हणजे २०१४ सालचे. चार जीबी हा मेमरीचा आकडा झाला, वेगाचा नव्हे. आज रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या पोटातच असलेले ग्राफिक त्याच्यापेक्षा सरस आहे, आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की कमी पैशांत कॉम्प्युटर जुळवणे हे तंत्रज्ञाचे काम नसून घरखर्चाचे काम आहे. घर चालवणारी बाई ते उत्तम करू शकते. नियम एकच. जे डोळ्यांना दिसते त्यावर शेवटी खर्च करा, जे दिसत नाही त्यावर आधी.

एक रुपया धरा. त्यातले पंचवीस पैसे प्रोसेसरला, पंधरा मदरबोर्डला, पंधरा रॅमला, दहा एसएसडीला, दहा पॉवर सप्लायला, पाच कॅबिनेटला आणि उरलेले वीस मॉनिटर, कीबोर्ड, माऊस नि यूपीएसला. वेगळे ग्राफिक कार्ड ह्या रुपयात बसत नाही आणि अभ्यास, लिखाण, हिशेब, थोडेफार कोडिंग ह्यांना ते लागतही नाही. मात्र प्रोसेसरच्या नावाचे शेवटचे अक्षर वाचा. इंटेलच्या आकड्यापुढे 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक नाही, वेगळे कार्ड घालेपर्यंत पडदा काळाच राहणार. रायझनच्या ५००० मालिकेत 'जी' असेल तरच ग्राफिक आहे असे समजा. एका अक्षराने अख्खे गणित फिरते.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पॉवर सप्लाय. कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळतो तो. त्याच्यावर ६०० वॅट असे ठसठशीत छापलेले असते, पण बाजूचे बारीक अक्षरांतले कोष्टक कुणी वाचत नाही. त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि बाराने गुणा. १४ अँपिअर असतील तर १६८ वॅट झाले. प्रोसेसरला लागणारी वीज ह्याच वाटेने येते, मग सहाशे कुठून आले? वेगळे कार्ड नसलेल्या यंत्राला दीडशे-दोनशे वॅटपेक्षा जास्त सहसा लागत नाहीत. तेव्हा नावाजलेल्या कंपनीचा, कागदावर वॉरंटी असलेला ४५० वॅटचा सप्लाय पुष्कळ झाला. हलका सप्लाय जळतो तेव्हा पुष्कळदा मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातो.

आपल्याकडे तर हे जास्तच महत्त्वाचे. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात इथे विजा कशा कडाडतात ते सांगायला नको. खेड्यापाड्यांत दिवे कमीजास्त होतात ते वेगळेच. म्हणून दुकानात जाण्याआधी वायरमनला बोलावून घरातले अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या सॉकेटला तिसरी वायर जोडलेलीच नाही अशी जुनी घरे मी किती तरी पाहिली आहेत. साधा ६०० व्हीएचा यूपीएस असल्या यंत्राला दहा-पंधरा मिनिटे देतो, काम जपून ठेवायला तेवढी पुरतात. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, आणि राऊटरकडून येणारी वायरही काढा. वीज त्या वाटेनेही घुसते. पावसाळ्यात दमट आणि खाऱ्या हवेत यंत्र महिनाभर बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालवा. आतल्या उबेने ओल धरत नाही.

रॅमचे मात्र सध्या कठीण झाले आहे. २०२५ च्या अखेरीस भाव भराभर चढले, कारण कारखान्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे वळला. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशियल' नावाने घरगुती ग्राहकांना होणारी विक्री बंद करण्याचे जाहीर केले. म्हणजे अमेरिकेतल्या डेटा सेंटरची भूक आपल्या फोंड्याच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून भागते आहे. असो. १६ जीबीचे आठ-आठचे दोन तुकडे घेतले तर उत्तम, पोटातल्या ग्राफिकला जोडीचा फायदा होतो. झेपत नसेल तर आज आठचा एकच घ्या नि दुसरी खाच मोकळी ठेवा. रॅम जुनी घेतली तरी चालते. मेमटेस्टने रात्रभर तपासली की तिची लबाडी बाहेर येते. जुना पॉवर सप्लाय नि जुनी हार्ड डिस्क मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, सरळ लॅपटॉप घ्यावा. मूल हॉस्टेलवर राहणार असेल तर जरूर घ्यावा. पण मूल रोज घरी येणार असेल तर त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त काम देतो, मोठा पडदा देतो, आणि मुख्य म्हणजे एक भाग गेला तर एकच भाग बदलता येतो. बजेट वीस हजारांच्या आत असेल तर कार्यालयांतून निघालेले नामांकित कंपनीचे जुने डेस्कटॉपही वाईट नाहीत. आठव्या पिढीच्या पुढचे बघा, एवढेच. त्यांतला पॉवर सप्लाय बहुधा त्या कंपनीच्याच मापाचा असतो, बाजारातला बसत नाही, हे ध्यानात ठेवून घ्या.

आणि बिल! 'बिलाशिवाय घेतले तर अठरा टक्के वाचतील' असे कुणी हळूच सांगेल. पण ते वाचवलेले पैसे म्हणजे वॉरंटी विकून आलेले पैसे. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची हमी असते. खोक्याविना सुटा मिळतो त्याची हमी विकणाऱ्याच्या शब्दाएवढीच. बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि सीरियल नंबर लिहून मागा. नुसते 'कॉम्प्युटर सेट - १' असे बिल म्हणजे नुसते 'मासळी - १' असे बिल.

ह्या शतकाच्या सुरवातीला सरकारच्या सायबरएज योजनेतून गोव्यातल्या घराघरांत संगणक आले. ते एक मोठेच काम झाले. पण संगणक आला तरी त्याचे झाकण उघडायची सवय आली नाही. कितीतरी घरांत तो क्रोशाचे आच्छादन पांघरून टीव्हीशेजारी बसून राहिला. बिघडला की 'हात लावू नकोस, माणूस येईल' एवढेच मुलांच्या कानांवर पडले. दुकानदार आज अर्धे बोलून जातो त्याला मी एकट्या दुकानदाराला दोष देणार नाही. विचारणारा असला की सांगणारा पुरते सांगतो. मासळीवाली आपल्याला शिळे इसवण द्यायला कचरते ती ह्याचमुळे.

वहिनींनी शेवटी भागांची यादी केली, तीन दुकानांत फिरवली आणि रायझन ५ ५६००जी घेतला. लाइटवाला कॅबिनेट गळाला म्हणून मुलगा दोन दिवस रुसला होता. जुळवणी मात्र त्याने स्वतः केली, दुकानातला पोरगा शेजारी उभा राहून सांगत होता. आता वाड्यावरच्या कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की त्यालाच बोलावणे येते, आणि तो आधी अर्थिंग विचारतो.